फुटली की फोडली

४ फेब्रुवारी

शंका,

अक्षर वाकडं आहे ते हाताला पट्टी आहे म्हणून. प्यायलेलो नाही. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि मी मामाच्या फ्रेमच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून लिहितोय.

आधीची पाच पत्रं उघडली नसशील तर तशीच राहू दे, त्यांत शपथांशिवाय काही नाही. फोन तू उचलत नाहीस, मग नंबरच बंद केलास, म्हणून पत्र. पत्राला निदान 'व्यस्त आहे' असं सांगता येत नाही.

अजून वर्गात हात वर करून "सर, एक शंका" म्हणतेस का? हे नाव मी ठेवलं आणि सगळ्या वर्गानं उचललं, तेव्हा तू तीन दिवस बोलली नव्हतीस. चौथ्या दिवशी मला 'भडका' म्हणालीस. तेही सगळ्यांनी उचललं. ते दिवस बरे होते. नंतर माझं कॉलेज सुटलं आणि आता मी काचा कापतो. मामा गिऱ्हाइकांसमोर मला 'प्राध्यापक' म्हणतो. "प्राध्यापक, जरा ती आठ बाय दहाची फ्रेम काढा."

हाताचं सांगतो. सकाळी दहाला एका फोटोची काच कापत होतो. काच कापायचा हिरा पट्टीला लावून एका दमात ओढायचा असतो, मध्ये थांबलं की संपलं. माझी रेघ थरथरली. दुसरी काच घेतली, तीही थरथरली. तिसऱ्या वेळी काच फुटली आणि तळहातात घुसली. मामानं हात फडक्यात गुंडाळला आणि चौकातल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आमच्या घरातलं कुणीही शिंकलं तरी त्यांच्याकडेच जातं. लहानपणी माझ्या कानातला वाटाणा त्यांनीच काढला होता, आणि ते त्या विसरत नाहीत.

टाके घालता घालता विचारलं, "कसं झालं?"

"काच फुटली."

"फुटली की फोडलीस?"

मागून मामा म्हणाला, "टेबलावर आपटली त्यानं. रेघ सरळ येईना, तर काचेवर राग."

"झोप?" त्यांनी विचारलं.

"बरी."

"सिगारेट?"

"नाही."

"दारू?"

अगदी त्याच आवाजात. मामा छताकडे बघायला लागला. मी म्हणालो, "होते कधीमधी."

"सर्दी होते. खोकला होतो. दारू होत नाही, कुणीतरी पितं. कोण पितं?"

मला जे भडकायचं ते मी भडकलो. टाके घालायला आलोय, चौकशीला नाही, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "हात हलवू नकोस, चौथा टाका राहिलाय." आणि केसपेपरवर काहीतरी लिहिलं.

तू असतीस तर हसली असतीस. ते जे खिडकीचं झालं, त्यानंतर तू हसलेली मला माहीत नाही. काच बसली असेलच आता. पावणेतीन महिने झाले.

तुझा
भडका


७ फेब्रुवारी

शंका,

आज पट्टी बदलायला गेलो होतो. बाकावर पाऊण तास. डॉक्टरबाईंच्या खोलीला दार आहे, पण ते लागत नाही. कापडी पडदा आहे, आणि पडद्याला कान नसतात असं फक्त डॉक्टरबाईंना वाटतं.

मला खात्री होती की मामानं आधीच चुगली केली होती, म्हणून त्यांनी मला दारूचं विचारलं. तर ऐक. गुडघेदुखीच्या आजीबाईंना विचारलं, "झोप? तंबाखू? दारू?" आजी म्हणाल्या, "अगं बाई, मला?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळ्यांना विचारते." मग आजी म्हणाल्या, "ते सुनेनं आणलेलं टॉनिक आहे, त्यानं झोप छान लागते. दोन चमचे सांगितलंय, मी चार घेते. कधी आठ." बाटली घेऊन या, वाचून बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नंतर एक बँकेतला माणूस, रक्तदाब वाढलेला. त्यालाही तेच तीन प्रश्न. तो म्हणाला, "सोशल." त्यांनी विचारलं, "आठवड्यातून किती दिवस सोशल?" खुर्ची करकरली. मग म्हणाला, "पाच."

माझी पाळी आली तेव्हा माझा राग निम्मा गेला होता.

"दिवसाला किती?"

"दोन ग्लास."

"कुठला ग्लास?"

हा काय प्रश्न आहे, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "घर चार पावलांवर आहे. जा, तो ग्लास घेऊन ये. मी पुढचा पेशंट बघते."

गेलो आणि आणला. तो स्टीलचा, उभा, ज्यात आई मला दूध द्यायची. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं माप घेतलं आणि नळाखाली भरून भरून ग्लासात ओतत गेल्या. "तू कुठपर्यंत भरतोस ते सांग." एक, दोन, तीन, चार. मी पाचव्याला "बस" म्हणालो. म्हणजे माझे दोन ग्लास ही त्यांची दहा मापं. रोजची.

"सकाळी हात थरथरतात?"

"गारठ्यानं."

"दुपारी घेतल्यावर गारठा जातो?"

हात पुढे करायला सांगितले. बोटं पसरून त्यांवर एक कागद ठेवला. कागदाचा आवाज यायला लागला, शंका. पंख्याखाली ठेवल्यासारखा.

मी विचारलं, "म्हणजे मी दारुडा आहे का?"

"तो शब्द मी केसपेपरवर लिहीत नाही. मला तिथं आकडा लागतो." आकडा लिहिला, दहा. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "नीट ऐक. तुझ्या शरीराला आता रोजची सवय आहे. उद्यापासून एकदम बंद करू नकोस. ते धोक्याचं असतं. उद्या घरातलं कुणीतरी घेऊन ये. गोळ्या देते, दिवस ठरवू, मी रोज बघीन, मग थांबव. कळलं?"

कळलं म्हणालो.

हे सगळं तुला का लिहितोय ते माहीत नाही. आधीच्या पत्रांत मी कधी आकडा लिहिला नव्हता.

तुझाच
भडका


१० फेब्रुवारी

शंका,

बंद. संपूर्ण बंद. आज तिसरा दिवस.

डॉक्टरबाईंकडे घरचं माणूस घेऊन जायचं होतं, ते नेलं नाही. आईला काय सांगू? आणि गोळ्या घेऊन हळूहळू सोडणं ही काय सोडणं झालं? ज्यानं तुझ्यावर प्रेम केलं तो काय मापानं सोडणार? परवा सकाळी बाटली मोरीत ओतली आणि तुझ्या नावानं शपथ घेतली. शेवटची.

जेवण जात नाही, पण ते आनंदानं असेल. हात जास्त थरथरतात, तेही जाईल. घाम येतोय. मामा म्हणतो घरी जा. दुकानात काचेवर मुंग्या फिरतायत, बारीक, लाल, हातानं झटकल्या तरी पुन्हा येतात. मामा म्हणतो कुठे आहेत मुंग्या. त्याला चष्मा लागलाय.

तुला दाखवीन की मी


१७ फेब्रुवारी

शंका,

मागचं पत्र मामानं जसं होतं तसंच पाकिटात घालून पेटीत टाकलं. त्याला वाटलं महत्त्वाचं असेल. मुंग्या नव्हत्या.

ते वाक्य लिहिता लिहिता मी स्टुलावरून पडलो. मामानं शटर अर्धं ओढलं आणि चौकात पळत गेला. डॉक्टरबाई पेशंट सोडून आल्या. नाडी बघितली, डोळ्यात बॅटरी मारली आणि तिथूनच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. काय काय द्या आणि काय बघा ते गाडी येईपर्यंत सांगत होत्या. सहा दिवस तिथं होतो. सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या. दुसऱ्या दिवसाचं मला काही आठवत नाही, आईला आठवतं, ती सांगत नाही.

आईचं सांगतो. ती लाँड्रीच्या काउंटरवर असते, माणसाच्या शर्टाच्या कॉलरवरून त्याचा आठवडा ओळखते, आणि मला वाटत होतं तिला काही माहीत नाही. मी सुट्टीला यायचो, तेव्हापासून वर्षभर तिला माहीत होतं. शिवाय ती माझ्या बाटलीत रोज पाणी घालत होती. कपाटातली बाटली काढायची, थोडी ओतून टाकायची, तेवढं पाणी. डिसेंबरात मी त्या दुकानदाराची कॉलर धरली होती, भेसळ करतोस म्हणून. तो बिचारा देवाशपथ म्हणत होता. ती भेसळ आईची होती. आणि चव लागेना म्हणून मी ग्लास वाढवत गेलो.

काल घरी आल्यावर मला आधी डॉक्टरबाईंकडे नेलं. आई, मी, मामा, तिघं त्या दोन खुर्च्यांत. आई म्हणाली, "पाणी घालून कमी होईल असं वाटलं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रत्येक आई हेच करते. यापुढे पाणी नाही, लपवणं नाही, बाटली शोधणं नाही. रोज सकाळी गोळी तुमच्या हातानं द्यायची आणि त्यानं गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. भांडायचं असेल तर गिळल्यावर भांडा."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता झापतील. म्हणाल्या, "एकदम बंद करू नकोस म्हटलं होतं ना?"

"शपथ घेतली होती."

"शपथा तू पत्रात लिही. शरीराला शपथ कळत नाही, त्याला वेळ कळते." (मी तुला लिहितो हे मामानं सांगितलंय. मामाच्या पोटात काही राहत नाही, जेवण सोडून.)

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तू खोकला घेऊन आला होतास. तोंडाला वास होता. तेव्हाच विचारायला हवं होतं. राहून गेलं."

मी असा आहे, शंका. दोन आठवडे माझ्या तोंडातले शब्द त्या उलटे करून मला परत देत होत्या. मी म्हणालो, "राहून गेलं की विचारलं नाहीत?"

आईनं माझ्या पायावर पाय दिला. मामा पुन्हा छताकडे.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "विचारलं नाही. बाहेर गर्दी होती. आणि तुला लहानपणापासून बघितलंय, संकोच वाटला. तेव्हा दिसलं तरच विचारायचे, आणि दिसलं की संकोच करायचे. त्यात बरेच जण हातचे गेले. आता सगळ्यांना विचारते, म्हणजे संकोच कुणाचाच नाही."

मोठ्या माणसानं माझ्यासमोर असं सरळ बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला राग धरायला जागाच राहिली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "कुणासाठी सोडतोयस?"

"तिच्यासाठी."

"आणि ती आली नाही तर?"

मी चपला घालायला लागलो. त्या म्हणाल्या, "घाई नाही. ते केसपेपरवर लिहायचं नाहीये."

ते खिडकीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

भडका


१ मार्च

शंका,

काल मी प्यायलो.

अकरा दिवस झाले होते, घरी आल्यापासून. बारा वाजता पोस्टमन आमच्या गल्लीत येतो. दुकानासमोर सायकलचा वेग कमी होतो, कारण तिथं गतिरोधक आहे. मी रोज समजतो की माझ्यासाठी कमी झाला. काल तो थांबला, पायही टेकवला, आणि चपलेचा पट्टा नीट करून पुढे गेला. मी दुकानातून उठलो ते सरळ. तीन मापं. आता मला मापातच दिसतं. तीन झाल्यावर ग्लास तसाच ठेवून बाहेर आलो. का आलो ते माहीत नाही. हुशारी नव्हती.

आज सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो आणि पडदा लोटायच्या आधीच म्हणालो, "मी प्यायलो." आतमध्ये ती टॉनिकवाली आजी होती. म्हणाली, "बस बाळ, मीही सहा चमच्यांवर आलेय."

डॉक्टरबाईंनी मला वाट बघायला लावली नाही, आजीच्या पायाशीच दुसरं स्टूल ओढलं. तारीख लिहिली, तीन लिहिलं. म्हणाल्या, "त्याआधी काय झालं होतं? बरोबर आधी." मी पोस्टमनचं सांगितलं. मला वाटलं, हसतील.

"रोज बाराला?"

"हो."

"मग रोज पावणेबाराला इथं येऊन बसायचं. साडेबारापर्यंत. पोस्टमन गेला की जायचं. मला रिपोर्टांची पाकिटं नाव घालून लावून हवी आहेत, तशीही माणसं मिळत नाहीत."

एवढंच. उपदेश नाही. मी विचारलं, आधीचे अकरा दिवस वाया गेले का. त्या म्हणाल्या, "अकरा दिवस तुझ्या यकृतानं सुट्टी घेतली. ती सुट्टी कोण परत मागणार?" आजी हसली आणि खोकली.

हे तुला कळवलंच पाहिजे असं नव्हतं. आधीच्या पत्रांत मी कळवलं नसतं.

भडका


१४ मार्च

शंका,

आज डॉक्टरबाईंना खिडकीचं सांगितलं. पाकिटं लावत होतो, पेशंट संपले होते, त्या डबा उघडत होत्या. मी म्हणालो, "नोव्हेंबरात एक काच फुटली होती." त्यांनी पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघितलं. मग मीच पुन्हा सुरुवात केली.

तेच आता तुला लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी. मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. पहिल्या पाच पत्रांत 'त्या दिवशी जे झालं', 'जो प्रकार घडला', 'ते खिडकीचं' असं आहे. शाळेत आपल्याला शिकवलं होतं ना, अकर्मक आणि सकर्मक. फुटणे, फोडणे. सुटणे, सोडणे. तुटणे, तोडणे. मला पेपरात त्याचे पूर्ण गुण होते. जगताना मी एकच बाजू वापरली.

तर. नोव्हेंबरातला तो शनिवार. तू म्हणालीस की सोमवारी परीक्षा आहे, येणार नाही. मी बारापासून खोलीत पीत बसलो. चार वाजता तुझ्या होस्टेलच्या मागच्या बाजूला आलो आणि खालून तुला हाका मारल्या. हाका नव्हत्या, शिव्या होत्या. तू खिडकीशी आलीस, हातानं 'जा' म्हणालीस, खिडकी बंद केलीस आणि कडी लावलीस. ती कडी लावलेली मी बघितली. त्याचाच मला राग आला. तिथं बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. अर्धी वीट मी उचलली. मी फेकली. काच मी फोडली. आतून तुझा आवाज आला, "आई गं," आणि मग काही नाही.

मी वर आलो नाही. मी पळालो. बसस्टँडपर्यंत पळालो आणि मिळेल ती बस धरून घरी आलो. कॉलेज सुटलं नाही, मी सोडलं, कारण त्या फाटकावरून जायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं फोन केला. डाव्या भुवईवर तीन टाके. डोळा बोटभर अंतरानं वाचला. आणि तू रेक्टरना सांगितलंस की वाऱ्यानं खिडकी आपटली आणि काच फुटली. मी काय केलं माहीत आहे? सुटलो म्हणून मला बरं वाटलं. वर असंही वाटलं की माझ्यावर प्रेम आहे म्हणूनच तू वाचवलंस. तेव्हापासून चार महिने मी तुझ्या त्या वाक्यात राहतोय, भाडं न देता.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. मी म्हणालो, दारूमुळे झालं. त्या म्हणाल्या, "दारूनं हात सैल केला असेल. वीट दारूनं उचलली नाही. दारूचं मी बघीन, ते माझं काम आहे. विटेचं तुझं तू बघायचं."

मग त्यांनी मला अर्धी पोळी दिली आणि आम्ही जेवलो.

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागितली की तुला पुन्हा काहीतरी करावं लागणार, द्यायची की नाही ते ठरवावं लागणार. तुझ्याकडे आधीच परीक्षा आहेत. तू उत्तर पाठवू नकोस असंही म्हणत नाही, तो पुन्हा एक डाव होईल. लिहायचं होतं, लिहिलं. 'तुझा' हा शब्द मागच्या दोन पत्रांत खाली लिहिला नव्हता, तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या सगळं लक्षात येतं.

भडका


२६ मार्च

शंका,

कार्ड मिळालं.

पोस्टमन आला तेव्हा मी दवाखान्यात पाकिटं लावत होतो, ठरल्याप्रमाणे. मामानं कार्ड घेतलं, वाचलं (कार्ड आहे, त्याचा दोष नाही), आणि चष्मा डोक्यावर ठेवून चौकात आला. पडदा बाजूला करून आतल्या पेशंटसकट सगळ्यांना म्हणाला, "प्राध्यापक, ऑर्डर आलीय." बँकवाला शर्टाची बाही वर करून रक्तदाब मोजून घेत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हवा सोडू द्या आधी."

मी ते बाकावर बसून वाचलं. तू लिहिलंयस:

"खोली बारा. रुंदी साडेसतरा इंच, उंची तेवीस. अजून पुठ्ठाच आहे. रेक्टरांच्या वहीत १७ नोव्हेंबरला लिहिलंय: 'वाऱ्याने काच फुटली. विद्यार्थिनीने कडी लावली नव्हती. ताकीद दिली.' कडी लावली होती."

खाली नाव नाही. तारीख आहे.

मला ताकिदीचं माहीत नव्हतं. वाऱ्याचं नाव घेऊन तू मला वाचवलंस आणि त्याच वाऱ्यानं तुला पकडलं. वारा कडी लावलेली खिडकी आपटू शकत नाही, हे रेक्टरांना कळलं असणार, म्हणून कडीचा दोष तुझ्यावर आला. चार महिने तू पुठ्ठ्याच्या उजेडात अभ्यास करतेयस. आणि मी पत्रात लिहून मोकळा झालो होतो, काच बसली असेलच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगात तेच आलं, ते जुनं, वर चढणारं. ऊठ, आत्ता बस धर, रेक्टरचं टेबल उलटं कर. मी उठलोही. डॉक्टरबाई पडद्यातून म्हणाल्या, "कुठे?" मी म्हणालो, "काच कापायला." आणि दुकानात येईपर्यंत ते खरं झालं होतं.

एक शंका आहे. (आता मी विचारतो.) माप चौकटीच्या आतल्या खाचेपासून घेतलंस की कडेपासून? कडेपासून असेल तर काच मोठी होईल. खाचेत टेप घालून पुन्हा बघ, दोन्ही बाजूंना आणि मधेही, कारण जुन्या चौकटी काटकोनात नसतात. त्यातून जे सगळ्यात लहान माप येईल ते घे, आणि मी त्यातूनही सुताएवढं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी करीन, काचेला फुगायला जागा लागते. शुक्रवारपर्यंत दुकानाच्या फोनवर मामाला आकडे सांगितलेस तरी चालेल. माझ्याशी बोलायला लागणार नाही. मामा आकडे बरोबर लिहितो, बाकी सगळं चुकीचं सांगतो.

मी आज एक काच कापून बघितली, साडेसतरा बाय तेवीसचीच. रेघ एका दमात ओढली. दोन्ही अंगठे खाली लावून दाबलं, टक्कन सरळ तुटली. म्हणजे मी तोडली. मामा कडेवरून बोट फिरवून बघत होता, त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला माझं नाव घेऊन सांगितलं, काच हाच कापेल म्हणून. प्राध्यापक म्हणाला नाही.

सव्वीस दिवस झाले. या महिन्यात तारीख आणि दिवस एकच आहेत, मोजायला सोपं. एप्रिलमध्ये वेगळं मोजावं लागेल. डॉक्टरबाई म्हणतात की प्रवासात, अनोळखी स्टँडवर, वाट बघताना सांभाळायचं. सकाळची गोळी आई आदल्या दिवशी पुडीत बांधून देणार आहे आणि फोनवर गिळायला लावणार आहे. पोचल्यावर डॉक्टरबाईंना फोन करायचा, आणि सोमवारी पावणेबाराला हजर. पाकिटं साचतील म्हणाल्या.

रविवारी पहाटे निघून दहाला पोचणाऱ्या बसनं येतोय. काच दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली असेल. खिळे, पुट्टी आणि पातं माझ्याकडे आहे. फाटकावर नाव सांगून उभा राहीन. तू खाली यायची गरज नाही. रेक्टरांनी वर सोडलं तर त्यांच्यासमोर बसवीन, अर्धा तास लागेल, तेवढा वेळ तू वाचनालयात बस. नाही सोडलं तर काच फाटकावर देऊन जाईन, तिथला सुतार बसवेल.

पण वही मात्र त्यांनी फाटकावर आणावी, एवढं सांगून ठेव. १७ नोव्हेंबरचं पान. खोडायचं नाही, खाली दुसरी ओळ लिहायची आहे. पेन मी आणतो.

भडका